उंबरठ्याच्या आतला जोडा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, कोजागिरीच्या संध्याकाळी सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध आटायला अजून वेळ आहे, तेवढ्यात वीस मिनिटे बोला, असा सचिवांचा हुकूम आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे मुदत ठेवीचे व्याज, नाहीतर मोबाईलवरची फसवणूक यावर मी बोलणार असे बऱ्याच जणांनी धरले असेल. तर तसे नाही. आज मी जोड्यांवर बोलणार आहे. पायात घालायच्या जोड्यांवर. घरातल्या घरात जोरकस व्यायाम करताना पायात काय असावे, हा विषय.

तुम्ही म्हणाल, काहून जी, हा काय विषय झाला? तर त्याला कारण आहे. गेल्या दोन महिन्यांत कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी आल्या. पहिली एक लेखी तक्रार. सकाळी साडेपाच वाजता वरच्या मजल्यावर धप धप आवाज येतो, पंखा हलल्यासारखा वाटतो, घरात आजारी माणूस आहे. दुसरी गोष्ट तक्रार नव्हती, बातमी होती. आपल्या एका ताईंचा टीव्हीसमोर व्यायाम करताना घोटा मुरगळला आणि तीन आठवडे त्यांना पाय वर करून बसावे लागले. दोन्ही घरांत कारण एकच. मोबाईल किंवा टीव्ही लावायचा आणि समोरची मुलगी उड्या मारते तशा उड्या मारायच्या. यालाच ही पोरे ‘हिट’ म्हणतात.

या दोन्ही गोष्टींवर जमलेल्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे एकच पडले : बंद करा हा व्यायाम. मला ते पटले नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, पंधरा वर्षांपासून मला मधुमेह आहे, आणि जी माणसे व्यायाम बंद करून खुर्चीत बसली त्यांचे पुढे काय झाले ते मी पाहिले आहे. आपल्या इमारतीतल्या तिशी-चाळिशीतल्या सुना आणि मुली पहाटे उठून घाम गाळतात, ही रौप्यमहोत्सवातली मला सर्वांत मोठी मिळकत वाटते. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, बाहेर पडता येत नव्हते तेव्हा ही सवय लागली आणि ती टिकली. ती मोडू नये. ती मोडायची नसेल तर तीन गोष्टींचा विचार करावा लागेल : पाय, फरशी आणि हालचाल. बँकेत कर्ज देताना आम्ही माणूस, धंदा आणि तारण पाहायचो. तिन्हीपैकी एक कच्चे असले की प्रकरण बुडीत जायचे. इथेही तसेच आहे.

अनवाणी का नाही?

पहिला आक्षेप ज्येष्ठांकडून येतो. आमच्या वेळी कोणी बूट घालून व्यायाम केला? दंड, बैठका, मल्लखांब, कुस्ती, सगळे अनवाणी. खरे आहे. आपल्या विदर्भातच अमरावतीला १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी व्यायामांची आणि कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. ती परंपरा अनवाणीच वाढली. आणि बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या लताबाई करे? नऊवारी नेसून, अनवाणी धावून त्यांनी बारामतीची ज्येष्ठांची शर्यत जिंकली, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. मग आपल्याला कशाला बूट, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे.

उत्तर फरशीत आहे. आखाड्यातली माती खणलेली, मऊ, तेल-ताक घालून मुरवलेली असते. पाय पडला की ती दबते, धक्का स्वतः घेते. आपल्या भागात लहानपणापासून धानाच्या बांधीत चिखल तुडवलेला, धुऱ्यावरून चाललेला पाय वेगळाच घट्ट होतो. लताबाईंचा पाय तसा आहे, आयुष्यभर कष्ट करून तयार झालेला. आपले काय? आपण पंचवीस वर्षे गुळगुळीत टाइल्सवर राहतो. टाइलखाली सिमेंट, सिमेंटखाली स्लॅब. यातले काहीही दबत नाही. सगळा धक्का परत घोट्यात, गुडघ्यात आणि कंबरेत येतो.

जमीन बदलली की पायाची सवय बदलावी लागते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला पैलवान, गादीवरच्या कुस्तीची सवय नाही. तरीही सहावा क्रमांक आला. परत येऊन त्यांनी गादीचा सराव केला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जोर तोच, माणूस तोच. खालची जमीन ओळखली आणि तयारी तशी केली.

आता थोडा हिशोब. माणूस धावतो तेव्हा प्रत्येक पावलाला त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. उंच उडी मारून खाली आलो तर त्याहून जास्त. सत्तर किलोचा माणूस धरा. एका पावलाला दीड-दोन क्विंटल, म्हणजे धानाचे चार-पाच कट्टे, एका पायावर. आणि हे एकदा नाही, वीस मिनिटांत शेकडो वेळा. हा भार घ्यायला मध्ये काहीतरी हवे. म्हणून जोडा.

अनवाणी काय चालते, तेही सांगतो, म्हणजे विनाकारण खर्च नको. योगासने, सूर्यनमस्कार, ताणाचे व्यायाम, सावकाश काढलेल्या बैठका, प्लँक हे सगळे चटईवर अनवाणी करावे. उलट त्यात बूट अडचण करतो. पायाची बोटे जमीन धरतात, तोल सुधारतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे, तो पुढे येतो.

जोर म्हणजे उडी नव्हे

या ‘हिट’चे मूळ काय, ते मी नातवाकडून समजून घेतले. इझुमी ताबाता नावाच्या जपानी संशोधकाचा १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सेकंद जीव तोडून व्यायाम, दहा सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे. एकूण चारेक मिनिटे. आज जगभर मोबाईलवर जे ‘ताबाता’ म्हणून दाखवतात ते हेच. पण मजा ऐका. त्या अभ्यासातली तरुण मुले उड्या मारत नव्हती. ती एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर पायडल मारत होती! पाय जमिनीला लागतच नव्हता.

म्हणजे हृदय धडधडले पाहिजे, दम लागला पाहिजे, घाम आला पाहिजे, पण त्यासाठी उडी मारलीच पाहिजे असा नियम कुठेच नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, वजन जास्त आहे किंवा वय झाले आहे, त्यांनी उडीच्या जागी पाऊल टाकावे. जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला. बर्पीत उडी न मारता पाय चालत मागे न्यावेत. जोर तेवढाच लावता येतो, वेग वाढवला की दम तेवढाच लागतो. हे एकदा मनात पक्के झाले की कुठला जोडा हवा हे ठरवणे सोपे जाते. कारण जोडा हालचालीला घ्यायचा असतो.

दुकानात चार जोडे

आपल्या गोंदियाच्या बाजारात गेलात तर दुकानदार पहिला जोडा काढतो तो धावण्याचा. ‘साहब, अभी यही चल रहा है.’ तो दिसायला छान, हलका, टाचेखाली जाड फोम. धावण्यासाठी तो उत्तमच आहे. कारण धावताना पाय एकाच दिशेने, पुढे पडतो. पण आपल्या घरातल्या व्यायामात पाय पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सगळीकडे जातो. बाजूला झटकन उडी मारली की त्या जाड, मऊ, उंच टाचेवर घोटा आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलंडतो. ताईंचा घोटा असाच गेला. त्यांच्या पायात चांगले, महागाचे, नवे धावण्याचे बूट होते. जोड्यात दोष नव्हता. जोडा एका कामाचा आणि काम दुसरे, असे झाले.

दुसरा जोडा, ज्याला ‘ट्रेनिंग शू’ किंवा ‘क्रॉस ट्रेनर’ म्हणतात. याचा तळ रुंद आणि बराचसा सपाट असतो. टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक कमी असतो. धावण्याच्या जोड्यात तो फरक अनेकदा आठ ते बारा मिलिमीटर असतो, यात साधारण त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी. बाजू घट्ट असतात, त्यामुळे पाय बाहेर सरकत नाही. पंजाखाली थोडा फोम असतो. घरातल्या मिश्र व्यायामासाठी हाच खरा जोडा.

तिसरा, बॅडमिंटनचा जोडा. हा मी मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्याकडे सहज मिळतो आणि अनेकांच्या घरी असतो. बॅडमिंटन म्हणजे दिवसभर बाजूला झेप आणि उडी. म्हणून त्याच्या बाजू मजबूत, तळ ठेंगणा आणि खालचे रबर गुळगुळीत जमीन पकडणारे, फरशीवर काळे डाग न पाडणारे. टाइल्सवरच्या व्यायामाला तो चांगला चालतो. फक्त तो घालून रस्त्यावर फिरू नका, खडीवर त्याचे रबर लवकर झिजते.

चौथा, आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला पी.टी.चा पांढरा कॅनव्हास. खडू लावून पांढरा करायचो तो. सपाट, पातळ, स्वस्त. बैठका, वजन उचलणे यासाठी तो वाईट नाही, कारण सपाट तळावर पाय स्थिर राहतो. पण उडी मारायला त्यात फोमच नाही. त्यात उड्या मारणे म्हणजे जवळजवळ अनवाणीच.

आणि एक पाचवा, जो जोडाच नाही. रबरी चप्पल, सँडल, मागून उघडे क्लॉग. आपली कोल्हापुरी कितीही थोर असो, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण ती चालायची वस्तू आहे. ज्यात टाच बांधलेली नाही ते पायात घालून एकही उडी मारू नये. पाय पुढे जातो, चप्पल मागे राहते आणि माणूस टीपॉयवर जातो.

जोड्याची चौकशी

बँकेत खाते उघडताना ‘केवायसी’ करावी लागते. जोड्याचीही करावी. दुकानात उभ्या उभ्या पाच गोष्टी करा.

एक, जोडा हातात घेऊन टोकाकडून वाकवा. तो बोटांच्या सांध्याजवळ वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर परत द्या.

दोन, दोन हातांनी पिळून पाहा, ओल्या कपड्यासारखा. सहज पिळला गेला तर बाजूच्या हालचालीला तो साथ देणार नाही.

तीन, टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा. तो कडक असावा. तिथे दबला तर घोटा डगमगतो.

चार, घालून दुकानात नुसते चालू नका. बाजूला दोन-तीन उड्या मारा. लाजू नका. दुकानदार हसला तर हसू द्या, पाय आपला आहे. पाय आत सरकतोय का, टाच वर येतेय का, पाहा.

पाच, तळ पाहा. दुकानातल्या फरशीवर पाय घासून घसरतो का, बघा. आपल्या घरची टाइल त्याहून गुळगुळीत असेल हे लक्षात ठेवा.

नंबर कोणाचा?

आता नंबर. आपण ‘आठ नंबर द्या’ म्हणतो, तो आठ इंग्लंडचा. इंग्रज गेले, त्यांचा नंबर पायात राहिला. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. तिने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या पाच विभागांत, ७९ ठिकाणी, एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. निष्कर्ष असा की भारतीय पाय परदेशी मापाच्या मानाने रुंद आहे. त्यावरून भारताची स्वतःची मापपद्धत सुचवली गेली, तिचे नाव ‘भ’, भारताचा भ. दुकानात मात्र अजून जुनेच नंबर चालतात.

याचा आपल्याशी संबंध काय? पाय रुंद असल्यामुळे आठ नंबर बाजूला आवळतो, म्हणून आपण नऊ घेतो. मग रुंदी बरोबर बसते, पण लांबी जास्त होते. पुढे रिकामी जागा उरते. साध्या चालण्यात ते कळत नाही. उडी मारून खाली आलो की पाय आत पुढे-मागे सरकतो, बोटे टोकावर आपटतात, नखे काळी पडतात, टोक अडखळते. म्हणून मोठा नंबर घेण्याऐवजी रुंद पंजाचा जोडा मागा. काही कंपन्या ‘वाइड’ म्हणून तो बनवतात.

माप असे घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. वर्तमानपत्रावर उभे राहा, दुसऱ्याकडून पेन्सिलने दोन्ही पायांची रेघ मारून घ्या. सगळ्यात लांब बोटापासून टाचेपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाप्रमाणे जोडा घ्या. हे माप खिशात ठेवा. कंपनीगणिक नंबर बदलतो, सेंटिमीटर बदलत नाही. आणि व्यायामात जे मोजे घालणार तेच घालून जोडा बघा. उभे राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. जास्त नको.

उंबरठ्याचा प्रश्न

आता आपल्या घराघरांतला खरा प्रश्न. घरात बूट घालायचे? आपल्याकडे चपला उंबरठ्याबाहेर राहतात. पलीकडे देवघर, शेजारी स्वयंपाकघर. सून हॉलमध्ये बूट घालून उड्या मारते हे सासूबाईंना कसे पटणार? आणि पटू नये, असेच मी म्हणतो. रस्त्यावरचा जोडा घरात येऊ नये ही रीत नुसती सोवळ्याची नाही. आपल्या रस्त्यावर काय काय असते ते आपण सगळे जाणतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

तोडगा सोपा आहे. घरातल्या व्यायामाचा जोडा वेगळा ठेवा. नवा घेतल्या दिवसापासून तो उंबरठ्याबाहेर एकदाही न गेलेला. त्याला वेगळी कापडी पिशवी. तो चपलांच्या स्टँडवर न ठेवता कपाटात ठेवा. मग तो ‘बाहेरची चप्पल’ राहत नाही. आपल्या इमारतीत एका घरी सासूबाईंनीच जुन्या साडीची पिशवी शिवून दिली आणि तिथला वाद मिटला. याचा दुसरा फायदाही आहे. ज्या तळाला खडे, चिखल, वाळू लागलेली नाही तो टाइलला नीट पकडतो. बाहेरून आलेल्या धुळकट तळाखाली बारीक वाळू असते आणि तीच घसरवते.

जोडा घातला म्हणून देवघरापुढे उड्या मारू नका, एवढे मात्र सांभाळा. हॉलचा एक कोपरा ठरवून घ्या.

खालच्या मजल्यावरचे लोक

आता त्या धप धप आवाजाविषयी. खरे बोलायचे तर चांगल्या जोड्याने आवाज थोडा कमी होतो, जात नाही. स्लॅबमधून धक्का खाली जातोच. मऊ तळामुळे टाइलवरचा कडक ठोका कमी होईल, पण सत्तर किलोची उडी ही सत्तर किलोची उडीच. त्यासाठी जाड रबरी मॅट लागते. योगाची पातळ मॅट त्याला पुरत नाही, शिवाय बुटाखाली ती सरकते आणि गोळा होते. घोटा मुरगळायचे तेही एक कारण. मॅट जड आणि खालून न सरकणारी असावी.

आणि पहाटे साडेपाचला उड्या नकोत. उडीच्या जागी पाऊल टाकण्याचे व्यायाम मी सांगितलेच, ते पहाटे करा. उड्यांचे व्यायाम सात नंतर. खाली राहणाऱ्यांनीही पंखा हलला की लगेच अर्ज लिहू नये, वर जाऊन चहा प्यावा आणि बोलावे. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, पार्किंग, लिफ्ट असे मोठे वाद बोलून मिटवले. हा त्यांच्यापुढे लहान आहे.

मधुमेही आणि ज्येष्ठांसाठी

आता माझ्या पंगतीतल्यांसाठी. जुना मधुमेह असला की पायाची जाणीव कमी होऊ शकते. खडा टोचतो, कळत नाही. फोड येतो, कळत नाही. कळते तेव्हा जखम झालेली असते, आणि मधुमेहातली पायाची जखम भरायला फार वेळ घेते. प्रसंगी बोट, पाय गमवावा लागतो. म्हणून आमच्यासाठी घरातसुद्धा अनवाणी व्यायाम नको. जोडा घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. नाडीचे टोक, खडा, शिवण, झुरळ, पाल, काहीही असू शकते. व्यायाम झाल्यावर तळपाय आरशात किंवा घरातल्या कोणाला दाखवून पाहायचा. नवा जोडा पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटेच घालायचा. आणि कुठलाही जोरकस व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे. जोडा हृदयाची तपासणी करत नाही.

मोजे सगळ्यांसाठीच महत्त्वाचे. निव्वळ सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. ओलसर पायाला फोड येतात, आणि आपल्या गोंदियाच्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायला वेळ लागत नाही. मिश्र धाग्याचे, घाम बाहेर सोडणारे मोजे घ्या, रोज धुतलेले घाला. व्यायाम झाला की बेचके कोरडे पुसा. लेस टाचेपर्यंत पाय मागे सरकवून मग आवळा आणि गाठ दुहेरी मारा. सुटलेल्या लेसवर पाय पडून पडणारी माणसे कमी नाहीत.

जोडा म्हणजे मुदत ठेव नाही

शेवटी पैशाचे. माझ्याकडून ते ऐकल्याशिवाय तुम्ही उठणार नाही.

आपल्यात एक सवय आहे. चांगला जोडा आणायचा आणि ‘खास’ वेळेसाठी डब्यात ठेवायचा. तीन-चार वर्षांनी लग्नाला काढला की तळ भुगा होऊन हातात येतो. पुष्कळ जोड्यांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या ओलाव्याने ते आतून हळूहळू विरतात, न वापरताही. आपल्याकडची पावसाळी हवा त्याला पूरकच. म्हणून जोडा मुदत ठेवीसारखा ठेवून वाढत नाही, तो चालू खात्यासारखा वापरावा. एकावेळी एकच घ्या, वापरा, झिजला की बदला. आपल्या उन्हाळ्यात तो गॅलरीत कडक उन्हात वाळवू नका, डिंक सुटतो. आत कागद कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवा.

कधी बदलायचा? वरून नवा दिसतो म्हणून फसू नका. टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल, फोमवर बारीक सुरकुत्या पडल्या असतील, तळाची नक्षी पुसली असेल किंवा पूर्वी न दुखणारा गुडघा व्यायामानंतर दुखू लागला असेल, तर त्याची मुदत संपली.

किंमत. मोठे नाव आणि मोठी किंमत म्हणजे योग्य जोडा असे नाही, हे ताईंच्या घोट्याने आपल्याला दाखवलेच. मध्यम किमतीत चांगला ट्रेनिंगचा किंवा बॅडमिंटनचा जोडा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोड्यावरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे. त्याआधी हजाराच्या वरच्या जोड्यावर तो १८ टक्के होता. म्हणजे दोन हजारांच्या आसपासच्या जोड्याला आत्ता बरा काळ आहे. बिल घ्या, आणि बिलावर दर तपासा. १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांच्या बऱ्याच प्रकारांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन लागू झाले आहे. जोड्यावर आयएसआय खूण दिसते का, पाहा. लहान उत्पादकांना त्यात सवलत आहे, म्हणून खूण नाही एवढ्यावरून जोडा वाईट ठरवू नका. वर सांगितलेल्या पाच परीक्षा घ्या.

आणि ज्यांना आत्ता खर्च करणे जमत नाही त्यांच्यासाठी : उड्या सोडा, व्यायाम सोडू नका. सतरंजीची घडी करून त्यावर, अनवाणी, पाऊल टाकण्याचे व्यायाम करा. त्याला एक रुपया लागत नाही.

आता एक सूचना मांडतो आणि थांबतो. हे सभागृह आपण बसलो आहोत ते तळमजल्यावर आहे. याच्याखाली कोणाचे घर नाही, कोणाचा पंखा नाही, कोणाचा आजारी माणूस नाही. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून इथे एका कोपऱ्यात जाड रबरी मॅट टाकावी आणि भिंतीला एक कपाट लावावे, ज्यात प्रत्येकीने आपला आतला जोडा पिशवीत घालून ठेवावा. रोज सकाळी दोन तास सभागृह उघडे ठेवावे. किल्ली सांभाळायची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळायची सवय अजून गेलेली नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक कोण, ते दूध पिताना ठरवू.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपण जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होतो. आता लिफ्टची वाट पाहतो. पुढची पंचवीस वर्षे आपली मुले-सुना जिनेच चढत राहोत, आणि त्यांचे घोटे, गुडघे शाबूत राहोत, एवढीच आजच्या चंद्राजवळ इच्छा.